तीळ बघ

२८ सप्टेंबर
दुकानातून

बारक्या,

तुझ्या पत्राला उत्तर लिहिते आहे. दहा वर्षं लागली म्हणून रागावू नकोस. मला कुठल्याही कामाला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. एका नवरीच्या हनुवटीवरच्या पुटकुळीवर मी अख्खी दुपार घालवली होती आणि तू बाहेरून ओरडत होतास की ताई, तोवर खरी पुटकुळी बरी होईल.

तुझं पत्र चारच ओळींचं होतं. "ताई, चूक माझीच. पाकिटावर मीच तसं लिहिलं होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. बाबांची काठी माळ्यावर आहे." खाली नवा पत्ता. परवा मावशी आली होती, ती म्हणाली पत्ता अजून तोच आहे. तू कुठल्याशा कारखान्याच्या फाटकाशी बसून कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढतोस, हेही तिनेच सांगितलं. दिवसाला साठ चेहरे, मागे पांढरी भिंत. मी चहा ठेवायला उठले.

तर मुद्द्याचं. मी तुझ्या त्या अरण्यात निघाले आहे. तीन आठवडे दुकान बंद. तुझा मोठा कॅमेरा, तिवई आणि बारा फिल्म बरोबर घेतल्या आहेत. तू गेलास तेव्हाचीच तारीख धरली आहे, नऊ ऑक्टोबर, आणि तोच उतार. तिथे लांडगा दिसला तर फोटो काढणार आणि समोरच्या न्हाव्याच्या आरशावर चिकटवणार. तुला बघितलं की "लांडगा आला रे आला" म्हणायचा ना तो, अजून तसाच आहे, फक्त पोट सुटलंय. लांडगे तिथून चाळीस वर्षांपूर्वीच संपले, तू कुत्रा बघून आलास, असं सगळे म्हणाले. तू म्हणालास माझ्याकडे फोटो आहे. आणि फोटोत काहीच नव्हतं.

आपल्या दुकानाची भाषा परक्याला सांगितली तर तो हसेल. चेहऱ्यावरचा डाग असो की फिल्मवरचा धुळीचा कण, आपल्याकडे सगळ्याला तीळच. पाकिटावर "तीळ बघ" म्हणजे डाग भरून टाक. बाबांच्या वेळेपासून तसंच. त्या दिवशी तूही पाकिटावर "तीळ बघ" लिहिलंस आणि तुला म्हणायचं होतं, खरंच बघ. डोंगरावर तिळाएवढा लांडगा उभा होता. मी पाकीट वाचलं, शाई घेतली आणि भरून टाकला. यात दोष कुणाला द्यायचा? झालं ते झालं.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो.

ताई


३ ऑक्टोबर
चौकीवरून

बारक्या,

पोचले. दोन बस, एक मालगाडीचा डबा वाटावा अशी आगगाडी आणि शेवटी वनखात्याची टपालगाडी. ती दहा-बारा दिवसांतून एकदाच येते आणि निघायच्या गडबडीत दुकानात लिहिलेलं पत्र टाकायचं राहिलं, ते अजून माझ्याच पिशवीत आहे. हेही त्याच्याच बरोबर ठेवते.

इथे एक वनरक्षक बाई असते. चाळिशीची, उंच, बोलायला कंजूष. मी गाडीतून उतरले तेव्हा तिने माझ्याकडे न बघता आधी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "या बुटांनी?" म्हणून मी तिचं नाव बूटबाई ठेवलं आहे, मनातल्या मनात. दुसऱ्या दिवशी तिने आपले जुने बूट आणि दोन जाड मोजे माझ्या दाराशी ठेवले. ती मला मावशी म्हणते. ताई म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून हेही कानाला बरं वाटलं.

खोली लहान आहे. लोखंडी पलंग, कोपऱ्यात लाकडाची शेगडी, खिडकीशी टेबल. टेबलावर आधी कुणीतरी चाकूने आपली नावं कोरली आहेत. तुझं आहे का म्हणून सगळी वाचून काढली. तू टेबलावर कोरणारा नव्हेस, पण वाचली.

आणि खिडकीतून जे दिसतं ते तू मला कधी सांगितलंच नव्हतंस. सांगितलं असशील, मी ऐकलं नसेल. सगळा डोंगर पिवळा. बूटबाई म्हणाली ही लार्चची झाडं, सुईसारखी पानं असूनही हिवाळ्याआधी पिवळी होऊन गळतात. वारा आला की पिवळ्या सुया केसांत, कॉलरमध्ये, चहाच्या कपात. आपल्याकडे फिल्मवर एवढी धूळ पडली असती तर मी वेडी झाले असते.

असल्या पानगळीचा फोटो काळापांढरा काढणारा जगात तू एकटाच, असं मी तेव्हा हसून म्हटलं होतं. ते मागे घेते. काल दिवसभर बघत बसले आणि कळलं की पिवळं इतकं आहे की डोळा त्याच्या पुढे जातच नाही. रंग काढून घेतला तर झाडं मोजता येतात, खडक दिसतात, वाट कुठून गेली तेही दिसतं. तुला झाडांचा रंग नको होता, डोंगर हवा होता.

आता माझे प्रताप ऐक. चाळीस वर्षं फोटोंच्या धंद्यात घालवली, पण कॅमेऱ्याला हात लावायची वेळ आली नव्हती. मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं हे माहीत होतं, पण डोंगर वरून लोंबताना बघितला आणि मीच मान उलटी करून बघायला लागले. तुझ्या काळ्या कपड्याला कसर लागली होती, म्हणून माझी काळी शाल डोक्यावर घेतली. बूटबाईला वाटलं मी रडते आहे. पहिल्या चार फिल्म वाया गेल्या, कारण लेन्स मिटायच्या आधीच फिल्मपुढची झडप ओढली. चारही आता काळ्याकुट्ट निघतील, त्यांना माझ्या शाईची गरज पडणार नाही.

आठ उरल्या आहेत.

ताई


६ ऑक्टोबर

बारक्या,

आज उतार सापडला. बूटबाई नकाशा घेऊन पुढे चालली होती. मी मागून म्हटलं, आता एक फुटका खडक लागेल, त्याच्यावर तीन झाडं, मधलं वाकडं. ती थांबली. तुम्ही इथे आधी आला होतात का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, हा फोटो माझ्या दुकानात लावलेला आहे.

खरंच लावलेला आहे. तू गेल्यावर मीच छापून घेतला आणि चौकट केली. गिऱ्हाईकं म्हणतात छान आहे, कुठला? मी सांगते, भावाने काढला.

मधलं वाकडं झाड आता नाही, पडलं. बाकी सगळं तसंच. ओढा खाली वाजत होता. ओढ्याच्या पलीकडे उताराचा तो उघडा पट्टा, तोच तो, जिथे तू म्हणालास की तो उभा होता. मी तिवई लावली आणि दोन तास बसले. एक खार आली, माझ्या पिशवीतलं बिस्कीट घेऊन गेली. फोटो मात्र एक काढला, नुसत्या उताराचा. झडप वेळेवर उघडली, वेळेवर मिटली. तू असतास तर म्हणाला असतास, ताई, शिकलीस.

बूटबाईला मी अजून लांडग्याचं सांगितलेलं नाही. भावाने काढला तोच फोटो मला काढायचा आहे, एवढंच सांगितलं. पुढचं सांगायला जीभ वळत नाही.

ताई


९ ऑक्टोबर

बारक्या,

आज तीच तारीख. सकाळी सहापासून उताराशी होते. जमिनीवर गोठलेलं दहिवर होतं आणि सूर्य आला तसं ते ओढ्याच्या बाजूने वितळत गेलं. अकरापर्यंत काही नाही. मग बूटबाई माझ्यासाठी थर्मास घेऊन आली. येताना तिने वाटेत खाली वाकून काहीतरी बघितलं आणि बोटाने दाखवलं. ओल्या मातीत पंजे, माझ्या तळहाताएवढे.

मी विचारलं, कुत्रा? तर ती थर्मासचं झाकण उघडत म्हणाली, "लांडगा आहे. सात आहेत आता. दोन वर्षांपूर्वी परत आले."

मी खाली बसले. तिला वाटलं चक्कर आली. तिने मला पाणी दिलं, चहा दिला, आणि मग मी सगळं सांगितलं, म्हणजे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं तेवढं सगळं. अकरा वर्षांपूर्वी माझा भाऊ इथे आला, याच तारखेला त्याला लांडगा दिसला, त्याने फोटो काढला, पाकिटावर आमच्या दुकानी भाषेत लिहिलं, माझा गैरसमज झाला आणि लांडगा पुसला गेला.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ती नोंद चौकीच्या वहीत असेल, मी इथे यायच्या आधीची.

परत येताना मी मनात म्हणत होते की बरं झालं. लांडगे आहेत म्हणजे बारक्या खरा. आता कष्ट नकोत, फोटोही नको, नुसतं पत्र टाकायचं की बघ, आहेत. केवढं हलकं वाटत होतं मला. बूटबाईच्या मोठ्या बुटांत पाय घासत घासत गाणं म्हणत चालले होते.

ताई


१० ऑक्टोबर

बारक्या,

वही बघितली.

चौकीच्या पुढच्या खोलीत भिंतीवर एक मोठा फलक आहे. अरण्यातले प्राणी, कुठला केव्हा दिसला. त्यावर लांडग्यापुढे लिहिलं आहे, "पहिली नोंद दोन वर्षांपूर्वी", आणि कुणा विद्यार्थ्याचं नाव. तो मुलगा पेटी लावणाऱ्यांतला आहे, झाडाला कॅमेरा बांधून निघून जायचं, प्राणी पुढून गेला की आपोआप फोटो निघतो. त्याने थर्मासही नेला नसेल.

वहीत तुझं पान आहे. तुझं अक्षर, शाईने. त्यावर तिरकी तांबडी रेघ आणि बाजूला शिक्का, "पुराव्याअभावी रद्द". खाली कुणीतरी पेन्सिलने "कुत्रा?" असं लिहून ठेवलं आहे. तो कुत्रा बघून माझा इतका संताप झाला की मी खोडरबर मागितलं. बूटबाई म्हणाली, वहीतलं काही खोडता येत नाही, वर लिहिता येतं.

मी म्हटलं, पण आता लांडगे आहेत ना? मग रेघ काढा.

तिने शांतपणे समजावून सांगितलं. आज आहेत म्हणजे तेव्हा होते असं होत नाही. तेव्हा होते हे ठरलं तर फलक बदलावा लागेल, लांडगे परत यायला केव्हा सुरुवात झाली ते सगळं मागे न्यावं लागेल. लोक त्याच्यावर अभ्यास करतात. त्यासाठी तेव्हाचा पुरावा पाहिजे.

म्हणजे मी उद्या सातही लांडग्यांना रांगेत उभं करून फोटो काढला, तरी तुझा तो एक खरा ठरत नाही. मी तिवई, गुडघा आणि बारा फिल्म घेऊन इथवर आले ती तुझ्या बाजूने बोलायला, आणि मी काढणार तो फोटो कामाचाच नाही.

तिने विचारलं, "त्या फिल्मवर तो ठिपका अजून कुणी बघितला होता का? छापणाऱ्याने, वडिलांनी, कुणीही?"

मी म्हटलं, नाही.

तेवढ्यात वारा आला आणि मी खिडकी लावायला उठले. दुपारभर खोलीत बसून आहे.

ताई


११ ऑक्टोबर, सकाळ

बारक्या,

काल मी खोटं बोलले. बघितला होता. मी बघितला होता.

तू फिल्म वाळवून पाकिटात घातलीस, माझ्या टेबलावर ठेवलीस आणि फोन करायला कोपऱ्यावर गेलास. बाबा मागच्या खोलीत पडून होते. मी पाकीट उचललं, तीळ बघ वाचलं, फिल्म उजेडाच्या काचेवर ठेवली. इथपर्यंत तुला माहीत आहे. यापुढचं तुला माहीत नाही. मी भिंग लावलं. भिंग लावल्याशिवाय मी शाईत कुंचला बुडवत नाही, आणि हे तुला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. तू एकदाही विचारलं नाहीस की ताई, भिंगातून काय दिसलं? तुला माझ्याबद्दल वाईट विचार करताच येत नव्हता. त्याचा मी अकरा वर्षं फायदा घेतला.

भिंगातून त्या तिळाला पाय दिसले. कान दिसले. धुळीच्या कणाला कान नसतात.

आणि मला लगेच कळलं, तू काय लिहिलं आहेस ते. मला सगळ्यात आधी दाखवायचं होतं तुला.

त्या आठवड्यात या चौकीहून पत्र आलं होतं. फोटो पक्का निघाला तर तीन वर्षं इथे राहून लांडगे शोधायचं काम तुला देऊ. तू ते पत्र बाबांना तीनदा वाचून दाखवलंस. मी एक्कावन्न वर्षांची होते. बाबांच्या खोलीतून दर पंधरा मिनिटांनी हाक येत होती आणि ती माझ्याच नावाने येत होती. कधी पाठ फिरवायची, कधी पाणी, कधी नुसतंच, कोण आहे म्हणून. तू गेलास की दुकान, हाक आणि मी, एवढंच उरणार होतं. मला भीती वाटली. हे वाचायला बरं आहे, म्हणून आधी लिहिलं. दुसरं हे की तू शीळ घालत जिना उतरलास आणि ती शीळ ऐकून माझ्या अंगाची आग झाली. मला तुझा हेवा वाटला, बारक्या. या माणसाला कुठेतरी जायचं आहे आणि मला कुठेच जायचं नाही.

मी कुंचला उचलला. पातळ शाई, थरावर थर, कडेपासून आत. चाळीस मिनिटं लागली. आयुष्यात इतकं स्वच्छ काम मी केलं नव्हतं.

तू परत आलास, फिल्म बघितलीस, आणि पाकिटावरचं स्वतःचं अक्षर बघितलंस. मी तुझ्याकडे बघून म्हटलं, "तूच लिहिलं होतंस ना?"

यातलं कुठलंही काम मागे घेता आलं असतं, हे वाक्य सोडून. तू दोन दिवस ती फिल्म पाण्यात भिजवत बसलास, शाई निघेना, शेवटी तो भागच खरवडला गेला. मी तुला गरम पाणी आणून देत होते. तू म्हणालास, ताई, तुझी काही चूक नाही. मार्चमध्ये बाबा गेले, एप्रिलमध्ये तू गेलास. म्हणजे जे होऊ नये म्हणून मी ते केलं, तेच झालं, आणि वर तुझा कॅमेराही सुटला.

आत्ता बूटबाईला हेच सांगून आले. ती टेबलाशी पेन्सिलीला टोक करत होती. तिने टोक करणं थांबवलं नाही. मी रडत होते, तिने रडू दिलं. मग म्हणाली, "हे भावाला आधी सांगा, मग मला. टपाल उद्या जाणार आहे." मी म्हटलं, पत्र लिहून होत आलंय. "मग पेटीत टाका आणि या."

आधीची पत्रंही यातच घालते आहे. पहिल्या पत्रात मी "दोष कुणाला द्यायचा" असं साळसूदपणे लिहिलं आहे. ते वाचून तुझं डोकं फिरेल. फिरू दे. त्यावर शाई लावणार नाही.

ताई


१२ ऑक्टोबर

बारक्या,

पाकीट काल पेटीत टाकलं. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली गाडीवाल्याकडे, मी विचारून ठेवलं.

मग पुढच्या खोलीत गेले. बूटबाईने तुझं पान उघडलं आणि त्यावर एक पुठ्ठा ठेवला, मला वाचता येऊ नये म्हणून. तुझी नोंद मी कधीच वाचलेली नव्हती आणि परवा रागाच्या भरात तांबड्या रेघेपलीकडे काही दिसलं नव्हतं. ती म्हणाली की दोन माणसांनी एकमेकांचं न बघता एकच वर्णन केलं, तर रद्द झालेली नोंद "साक्षीसह" म्हणून परत घेता येते. मला कोरा कागद दिला. काय बघितलंत ते लिहा.

मी म्हटलं, लिहिता येणार नाही, काढते. तो आकार मी कडेपासून आत भरला आहे, माझ्या हाताला तो पाठ आहे. डोळे मिटले तरी येतो, आणि अकरा वर्षं डोळे मिटले की येतो. मी पेन्सिल घेतली आणि तिळाचा तळहाताएवढा केला. आधी पाठ, मग मान. डोकं पाठीच्या खाली गेलेलं. शेपूट सरळ खाली. चार पाय, त्यातला पुढचा एक अधांतरी, कारण तेवढा मला वेगळा भरावा लागला होता.

बूटबाईने कागद बराच वेळ बघितला. कुत्र्याची शेपूट वर वळते आणि डोकं वर असतं, हे ती मला नंतर म्हणाली. मला काय ठाऊक, मी माणसांचे चेहरे करणारी. मग तिने पुठ्ठा काढला आणि तुझ्या ओळी वाचल्या. "शेपूट खाली. डोकं पाठीपेक्षा खाली. पुढचा एक पाय उचललेला." तिन्ही जुळलं. पण ती वाचता वाचता थांबली.

तू पुढे लिहिलं होतंस, "तोंड डावीकडे, ओढ्याकडे."

माझ्या कागदावर त्याचं तोंड उजवीकडे होतं.

तिने पेन्सिल खाली ठेवली. तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. मी कागदाकडे बघत राहिले. हात चुकेल यावर माझा विश्वास बसेना. अरे, बाकी मी कशीही असेन, हात चुकत नाही. आणि मग मला हसू आलं. अकरा वर्षांत असं हसले नव्हते. बूटबाई घाबरली.

तू सांगू शकला असतास तिला, एका वाक्यात. आपण फिल्मवर काम करतो ते मागच्या, बिनचकाकीच्या बाजूने. गुळगुळीत बाजूला शाई धरत नाही. आणि मागच्या बाजूने सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. नवरीच्या डाव्या गालावरचा तीळ मी जन्मभर उजव्या गालावर भरत आले. मी कागद उचलला, खिडकीच्या काचेवर उलटा धरला आणि तिला म्हटलं, आता बघा. मागून पेन्सिलीची रेघ दिसत होती. तोंड डावीकडे, खाली, जिकडे ओढा होता तिकडे.

ती खिडकीशी उभी राहिली, एक हात काचेवर ठेवून. मग म्हणाली, "मावशी, बनवून सांगणाऱ्याने तो सरळ काढला असता."

जेवणं तशीच राहिली. तिने तांबड्या रेघेच्या बाजूला नवी ओळ लिहिली. तुझं नाव, तारीख, लांडगा एक, साक्षीसह. माझा कागद मागे डकवला. माझा जबाब मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, फिल्म कुणी भरली, का भरली, सगळं. ती म्हणाली, का भरली ते आम्हाला लागत नाही. मी म्हटलं, असू द्या. फलक बदलायला वेळ लागेल, वरून मंजुरी यावी लागते, पण बदलेल असं तिला वाटतं. तिने तसं म्हटलं म्हणजे बदलेल, ती उगाच बोलत नाही.

सात फिल्म अजून उरल्या आहेत. उद्या सकाळी परत उताराशी जाणार आहे, लांडग्यासाठी नाही, नुसतीच. सुया बऱ्याच गळल्या, डोंगर आता मधून मधून करडा दिसायला लागला आहे. मला वाटतं तो तसाही चांगला येईल.

शेवटी छापील अर्जाचे रकाने भरायचे होते. साक्षीदाराचं वय, बासष्ट. धंदा, मी सांगितला, तिने लिहून घेतला. मग साक्षीदाराचं पाहणाऱ्याशी नातं. ती पेन वर धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, बहीण लिहा.

नियमाप्रमाणे नोंद पक्की व्हायला मूळ पाहणाऱ्याची सही लागते, टपालाने पाठवली तरी चालते. तो अर्ज या पत्रासोबत जोडला आहे. घाईने सही करू नकोस, तुझी सवय आहे. नीट वाच. त्यात जे खरं नाही असं तुला वाटेल ते खोडायचा हक्क तुझा आहे, नात्याचा रकानासुद्धा.

ताई